आरोपी रसिकांची कैफियत

‘स्मॅश’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिका तिच्या प्रेक्षकांनीच मारली, असा एक आरोप ती बंद पडल्यापासून अधूनमधून कानी येतो. आणि तो करणाऱ्यांत निर्मात्यांच्या कैवाऱ्यांबरोबरच कलावंताच्या श्रमांची किंमत जाणणारे, कलेविषयी खरी आस्था बाळगणारे आणि प्रेक्षकांच्या बेजबाबदार शेरेबाजीला मनापासून विटलेले विचारी लोकही असल्यामुळे त्या आरोपाची वासलात दोन वाक्यांत लावणे न्यायाचे होणार नाही. त्यांचे म्हणणे असे की, ह्या मालिकेचे प्रेक्षक ती प्रेमाने पाहत नव्हते, दोष वेचण्यासाठी पाहत होते. संगीतिकेच्या व्यवसायातील बारकाव्यांचा हट्ट धरून त्यांनी एका करमणुकीच्या कथेवर नसते ओझे लादले. दोन अभिनेत्रींच्या नावाने दोन तट पाडून त्यांनी कलेच्या प्रश्नाला पक्षाभिमानाचे रूप दिले. आणि अखेर त्यांच्याच तक्रारींना मान देऊन मालिकेची फेररचना झाली तेव्हा ती पूर्वीहून अधिक बिघडली, यावरून प्रेक्षकांचे न ऐकणे हेच कलावंताच्या हिताचे ठरते. ही चार कलमे एकामागून एक तपासली असता त्यांपैकी एकही टिकत नाही, आणि ज्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे तेच ह्या प्रकरणातील सर्वांत विश्वसनीय साक्षीदार ठरतात, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम हकीकत. थेरेसा रेबेक ह्या नाटककर्तीने रचलेली ही मालिका एन.बी.सी. वाहिनीवर ६ फेब्रुवारी २०१२ रोजी सुरू झाली आणि दोन पर्वे व ३२ भाग पुरे करून २६ मे २०१३ रोजी संपली. मेरिलिन मन्रोच्या आयुष्यावर ‘बॉम्बशेल’ नावाची नवी संगीतिका ब्रॉडवेवर उभी करण्याची धडपड हा तिचा विषय होता. ज्युलिया ह्यूस्टन आणि टॉम लेव्हिट ही ती संगीतिका रचणारी जोडी, भांडवलासाठी दारोदार हिंडणारी निर्माती आयलीन रँड, कुशाग्र पण निष्ठुर दिग्दर्शक डेरेक विल्स, आणि मेरिलिनच्या भूमिकेसाठी एकमेकींसमोर ठाकलेल्या दोन नटी, म्हणजे आयोवाहून आलेली नवखी कॅरन कार्टराइट आणि वर्षानुवर्षे समूहनृत्यात मागच्या रांगेत उभी राहिलेली आयव्ही लिन, एवढा तिचा मुख्य परिवार. कार्यकारी निर्मात्यांत स्टीव्हन स्पीलबर्ग होते; गाणी ‘हेअरस्प्रे’ह्या गाजलेल्या संगीतिकेचे कर्ते मार्क शायमन आणि स्कॉट विटमन यांची होती; नृत्ये बसवणारे जोशुआ बर्गास यांना त्या कामाबद्दल २०१२ चे एमी पारितोषिक मिळाले. पहिला भाग सुमारे एक कोटी चौदा लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या पर्वाच्या आरंभी ती संख्या ४५ लाखांच्या आसपास उतरली, आणि पुढे मालिकेची रवानगी शनिवारच्या रात्री झाली, जी वेळ अमेरिकन वाहिन्या बहुधा निकालात काढायच्या मालिकांसाठीच राखून ठेवतात.

आता पहिले कलम, द्वेषाचे. आवडत नसलेली मालिका तिच्या दोषांवर तोंडसुख घेण्यासाठी नेमाने पाहत राहण्याच्या प्रवृत्तीची चर्चा ह्या मालिकेमुळेच विशेष वाढली. ‘द न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाच्या समीक्षक एमिली नसबॉम यांनी २०१२ च्या एप्रिलमध्ये ‘स्मॅश’च्याच निमित्ताने ह्या प्रवृत्तीवर लिहिले, आणि तेव्हापासून ह्या मालिकेचा प्रेक्षक म्हणजे हाती दगड घेऊन बसलेला माणूस अशी समजूत रूढ झाली. परंतु ज्याला सर्वस्वी द्वेष म्हणतात त्याची एक खूण अशी असते की, तो निवड करीत नाही. समोरचे जे जे काही असेल ते ते त्याला सारखेच त्याज्य वाटते. ह्या प्रेक्षकांनी कशाची निंदा केली आणि कशाला हात लावला नाही, हे पाहिले म्हणजे त्यांची निवड किती काटेकोर होती ते ध्यानी येते. चोरून ऐकणाऱ्या आणि कारस्थाने रचणाऱ्या एलिस ह्या साहाय्यकाचा त्यांना तिटकारा आला. ज्युलियाचे मूल दत्तक घेण्याचे प्रकरण, मायकल स्विफ्ट ह्या नटाशी तिचे जुने प्रेम पुन्हा जडणे आणि त्यापायी तिच्या घरात माजलेला कल्लोळ ही त्यांना केवळ भरताड वाटली. तिच्या गळ्यातील स्कार्फांचीही त्यांनी चेष्टा केली. पण ‘बॉम्बशेल’च्या गाण्यांवर ते लुब्ध होते. पहिल्या भागाच्या अखेरीस कॅरन आणि आयव्ही आपापल्या वाटेने निर्णायक चाचणीसाठी निघतात आणि ‘लेट मी बी युअर स्टार’हे एकच गीत दोघींच्या कंठांतून आळीपाळीने, आणि मग एकत्र उमटते, तो प्रसंग मालिकेच्या कडव्या टीकाकारांनीही निःसंकोच वाखाणला. जो मनुष्य एका गाण्यासाठी चाळीस मिनिटे नको असलेला संसार सोसतो, तो द्वेष्टा कसा म्हणावा? त्याचा राग अपेक्षाभंगातून आलेला होता, आणि ज्या कलाकृतीकडून कधी काही अपेक्षिलेच नाही तिने अपेक्षाभंग केल्याचे कोणी सांगत नसते.

ही अपेक्षा प्रेक्षकांनी आपल्या लहरीने उत्पन्न केली असती तर गोष्ट वेगळी होती. येथे दुसऱ्या कलमाचा विचार येतो. आक्षेपक म्हणतात की, ही करमणुकीची कथा होती, संगीतिका कशी बसवतात याचा तो पाठ नव्हता. परंतु संगीतिका बसवण्याच्या कामाचा रस हाच आमचा माल आहे, असे मालिकेने पहिल्या दिवसापासून स्वतः जाहीर केले होते. तिने रंगभूमीवर मुरलेली माणसे वेचून आणली: आयव्हीचे काम करणाऱ्या मेगन हिल्टी ‘विकेड’मधील ग्लिंडा म्हणून ब्रॉडवेला परिचित होत्या, टॉमचे काम करणारे क्रिश्चन बोर्ल यांना पहिले पर्व संपले त्याच वर्षी रंगभूमीवरील अभिनयासाठी टोनी पारितोषिक मिळाले, सॅमच्या लहानशा भूमिकेतील लेस्ली ओडम पुढे ‘हॅमिल्टन’मुळे जगाला ठाऊक झाले. तालमीच्या दालनात साध्या कपड्यांत, नुसत्या पियानोवर सुरू झालेले गीत कल्पनेच्या बळावर भर प्रकाशात, पूर्ण वेषभूषेत, रंगमंचावर साकार होते आणि क्षणार्धात पुन्हा त्या घामट दालनात परत येते, ही तिची योजना तर दूरचित्रवाणीने रंगभूमीला दिलेली एक अस्सल देणगीच होती. कारण तिच्यामुळे कलावंताच्या मनातील चित्र आणि त्याच्या हातातील साधन यांमधले अंतर लाखो लोकांना प्रथमच डोळ्यांनी दिसले. भांडवलदारांपुढे करावयाचा कच्चा प्रयोग, ब्रॉडवेवर येण्यापूर्वी बॉस्टनसारख्या शहरी घ्यावयाची परीक्षा, एखादे गीत उत्तम असूनही नाटकाच्या ओघात बसत नाही म्हणून काढून टाकण्याची वेदना, पर्यायी नटीचे कोणाला न दिसणारे जिणे, ह्या सर्व गोष्टींत मूळचेच विपुल नाट्य आहे. ते असताना कोणाच्या पेयात अपायकारक पदार्थ मिसळून भूमिका रिकामी करण्याची गरज का भासावी? प्रेक्षकांनी विचारलेला हा प्रश्न कर्त्याने आपल्याच विषयावरचा विश्वास का गमावला, असा होता. आणि त्याहून मूलगामी प्रश्न वाङ्मयसमीक्षकालाही विचारता येणार नाही.

देव सुंदरम ह्या पात्राच्या बाबतीत हेच झाले, आणि ते आपल्याकडील वाचकाला विशेष जाणवण्याजोगे आहे. भारतीय वंशाचा, महापौरांच्या कचेरीत काम करणारा, कॅरनचा हा प्रियकर अमेरिकन वाहिनीवरील एका मोठ्या मालिकेत मुख्य पात्रांपैकी होता, हीच त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पण त्याच्या भारतीयपणाचा जो एकमेव भव्य आविष्कार मालिकेला सुचला तो म्हणजे भारतीय उपाहारगृहात सर्व पात्रांना हिंदी चित्रपटाच्या धर्तीवर नाचवणारे एक स्वप्नदृश्य. त्याची प्रेक्षकांनी टर उडवली ती नृत्य वाईट होते म्हणून नव्हे. त्या माणसाच्या आयुष्याविषयी मालिकेपाशी सांगण्यासारखे काहीच नाही, ही गोष्ट त्या झगमगाटात उघडी पडली म्हणून.

परंतु ह्या खटल्याचा गाभा कॅरन आणि आयव्ही यांच्या तुलनेत आहे, आणि तेथे प्रेक्षकांचे म्हणणे नीट समजून न घेताच त्यांच्यावर पक्षाभिमानाचा, म्हणजे तिसऱ्या कलमाचा, आरोप ठेवण्यात येतो. कॅरनचे काम करणाऱ्या कॅथरीन मॅकफी २००६ च्या ‘अमेरिकन आयडॉल’ स्पर्धेत दुसऱ्या आल्या होत्या. त्यांचा आवाज गोड, लवचिक आणि ध्वनिमुद्रणाला अत्यंत अनुकूल आहे, हे कोणीही नाकारले नाही. प्रेक्षकांची हरकत अशी होती की, कॅरन अद्वितीय आहे हे मालिका पात्रांच्या तोंडून पुनःपुन्हा वदवते, ती गाऊ लागली की भोवतालची माणसे थक्क होऊन पाहत राहतात असे दाखवते, पण ज्या रंगभूमीसाठी ही निवड व्हावयाची आहे तिच्या कसोटीला उतरणारे गायन आणि अभिनय प्रत्यक्षात आयव्हीकडून ऐकू येतो आणि दिसतो. निवेदन एक सांगते आणि कान दुसरे सांगतात, अशा वेळी प्रेक्षकाने कोणावर विश्वास ठेवावा? संगीत ही अशी कला आहे की जिच्या बाबतीत लेखकाचा हुकूम चालत नाही. कादंबरीतील गायिका श्रेष्ठ आहे असे कादंबरीकाराने लिहिले तर वाचकाला ते मान्य करावे लागते, कारण तिचा आवाज त्याने ऐकलेला नसतो. पडद्यावरील गायिकेचा आवाज मात्र प्रेक्षकाच्या कानाशी येऊन आपली साक्ष स्वतःच देतो, आणि ती साक्ष कोणत्याही संवादाने खोडता येत नाही.

ह्याहूनही गंभीर विसंगती कथेतच होती. पाठीशी प्रख्यात आईची सावली, प्रेमाची न भागणारी तहान, पुरुषांच्या मर्जीवर लोंबकळणारे भवितव्य, औषधांच्या गोळ्यांचा आधार आणि ह्या सर्वांतून उसळून वर येणारी प्रकाशाची ओढ, हे सगळे लेखकांनी आयव्हीला दिले. म्हणजे मेरिलिनच्या अंतरंगाशी जुळणारे आयुष्य त्यांनी एका नटीसाठी लिहिले आणि मेरिलिनची भूमिका पहिल्या पर्वाच्या अखेरीस दुसऱ्याच नटीच्या पदरात टाकली. त्या निर्णयाचे कारण म्हणून डेरेकपाशी एवढेच असते की, त्याला आपल्या मनश्चक्षूंपुढे कॅरनच दिसते. दिग्दर्शकाची अंतःप्रेरणा हे रंगभूमीवर एक वास्तव कारण आहे, हे मी मान्य करतो. परंतु ती प्रेरणा प्रेक्षकाला पटवून देण्याची जबाबदारी नाटकाचीच असते, आणि येथे ती पार पाडलेली नाही. आयव्हीच्या बाजूने जे लोक उभे राहिले ते तिच्या रूपावर किंवा स्वभावावर भाळून नव्हे. स्वभावाने तर ती मत्सरी, प्रसंगी क्रूर आणि कॅरनच्या प्रियकराशी रत होण्याइतकी अविवेकी दाखवली होती, आणि सहानुभूती कॅरनला मिळावी अशी सर्व तजवीज लेखकांनी केली होती. इतके असूनही बहुसंख्य चोखंदळ प्रेक्षकांनी कौल गुणाच्या बाजूने दिला. पक्षाभिमानी माणूस व्यक्ती पाहून गुणाकडे डोळेझाक करतो. ह्यांनी नेमके उलट केले.

आणि तट पडणे हे तरी कलेला नेहमीच घातक असते काय? मराठी रसिकाला ह्या प्रश्नाचे उत्तर इतिहासानेच दिलेले आहे. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या भक्तांचे पंथ एकेकाळी किती कडवे होते हे सर्वश्रुत आहे. तरीही ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग मुंबईत झाला, तेव्हा भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व आणि धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव यांना एकाच रंगमंचावर ऐकण्यासाठी दोन्ही पंथांचे लोक लोटले, आणि त्यांच्या चढाओढीनेच त्या रात्रीला तिचे तेज आले. ८ जून २०१५ रोजी न्यूयॉर्कच्या मिन्स्कॉफ नाट्यगृहात ‘बॉम्बशेल’ची गाणी नटवर्गाच्या मदतनिधीसाठी एका रात्रीपुरती सादर झाली, तेव्हाही हेच घडले. मालिका बंद पडून दोन वर्षे झाली असताना त्या कार्यक्रमासाठी चाहत्यांनी वर्गणीने तीन लाख डॉलरांहून अधिक रक्कम उभी केली, आणि हिल्टी व मॅकफी ह्या दोघींनीही त्या रात्री मेरिलिनची गाणी गायिली. ज्यांना खुनी म्हणून हिणवले गेले ते लोक आपल्या खिशाला खार लावून ते संगीत जिवंत ठेवत होते, ही वस्तुस्थिती द्वेषाच्या आणि पक्षाभिमानाच्या दोन्ही आरोपांना पुरेसे उत्तर आहे.

राहिले चौथे कलम, आणि तेच वरकरणी सर्वांत बळकट दिसते. पहिल्या पर्वानंतर रेबेक यांना सूत्रे सोडावी लागली आणि ती जोशुआ सॅफ्रन यांच्याकडे गेली; एलिस, देव, मायकल आणि ज्युलियाचा पती फ्रँक ही पात्रे मुख्य परिवारातून बरतर्फ झाली. म्हणजे प्रेक्षकांनी ज्यांची ज्यांची तक्रार केली त्यांना एकरकमी निरोप देण्यात आला, तरीही मालिका सावरली नाही. यावरून आक्षेपक निष्कर्ष काढतात की, प्रेक्षकांचे ऐकणे हेच मारक ठरले. माझे म्हणणे असे की, त्यांचे ऐकलेच गेले नाही. त्यांच्या तक्रारीतील नावे तेवढी उतरवून घेण्यात आली आणि तक्रारीचे कारण दप्तरी दाखल होऊन तेथेच पडून राहिले. एलिस नकोसा झाला होता तो कामातील संघर्षाची जागा त्याच्या कारस्थानांनी बळकावली म्हणून. त्याला काढून जर त्या जागी पुन्हा उसने नाट्यच आणावयाचे, तर माणूस बदलला आणि कारभार तोच राहिला. दुसऱ्या पर्वात ‘हिट लिस्ट’ नावाची दुसरी संगीतिका आणि तिचा उद्धट, व्यसनी, भूतकाळ लपवणारा रचनाकार जिमी आला. त्याचा सालस सहकारी काइल यशाच्या उंबरठ्यावर अपघातात मरण पावला. ‘रेंट’चे कर्ते जोनाथन लार्सन १९९६ साली आपल्या नाटकाच्या पहिल्या जाहीर प्रयोगापूर्वीच वारले, त्या खऱ्या शोकांतिकेची ती पडछाया होती, हे रंगभूमीच्या जाणकारांपासून लपले नाही; आणि एका वास्तव मृत्यूचे गांभीर्य कथेच्या सोयीसाठी उसने घेतल्याची खंत त्यांना वाटली ती योग्यच होती.

येथेही त्यांनी सरसकट धिक्कार केला नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. जिमीचा त्यांना उबग आला, पण त्याच्या तोंडी घातलेली गाणी, जी जो आयकोनिस, बेंज पासेक आणि जस्टिन पॉल अशा तेव्हाच्या तरुण रचनाकारांकडून आली होती, ती त्यांनी तत्काळ उचलून धरली; मालिका संपल्यावर २०१३ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘हिट लिस्ट’च्या गाण्यांचाही जाहीर कार्यक्रम झाला. पासेक आणि पॉल यांना पुढे ‘ला ला लँड’मधील गीताबद्दल ऑस्कर मिळाले, तेव्हा ह्या प्रेक्षकांच्या कानाची परीक्षा आपोआपच झाली. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी आयव्हीला मेरिलिनच्या भूमिकेबद्दल टोनी पारितोषिक मिळताना दाखवले आहे. म्हणजे जो निवाडा प्रेक्षकांनी पहिल्या पर्वातच दिला होता तो मालिकेने उशिरा का होईना मान्य केला. फरक इतकाच की, तोपर्यंत दरबार उठत आला होता.

आक्षेपकांची एक गोष्ट मात्र मला निर्विवाद मान्य आहे, आणि ती स्वच्छपणे नोंदवल्यावाचून ही कैफियत प्रामाणिक ठरणार नाही. लेखकाच्या दोषांची शिक्षा काही प्रेक्षकांनी नटांना दिली. कॅरनला अपात्र उंची बहाल करण्याचा अपराध मॅकफी यांचा नव्हता. एलिसचे कारस्थानी संवाद त्याचे काम करणाऱ्या तरुण नटाने लिहिले नव्हते. भूमिकेचा राग भूमिका करणाऱ्याच्या देहावर, चेहऱ्यावर आणि खाजगी आयुष्यावर काढणारी भाषा ज्यांनी वापरली त्यांनी रसिक ह्या पदवीला कमीपणा आणला, आणि त्यांची बाजू मी घेणार नाही. परंतु काहींच्या असभ्यपणामुळे सर्वांचे म्हणणे खोटे ठरत नाही. साक्षीदाराच्या तोंडी शिवी आली म्हणून त्याची साक्ष बाद करण्याची मुभा दिली, तर जगातील बहुतेक दुखावलेल्या माणसांची साक्ष बाद होईल.

शेवटचा एक आक्षेप अलीकडचा आहे. १० एप्रिल २०२५ रोजी ‘स्मॅश’ खरोखरच ब्रॉडवेवर, इंपीरियल नाट्यगृहात, सुसान स्ट्रोमन यांच्या दिग्दर्शनाखाली अवतरले आणि २२ जूनला बंद झाले. मग इतक्या वर्षांच्या त्या निष्ठेचे मोल काय, असा सवाल केला जातो. ह्या प्रयोगात मालिकेतील गाणी आणि काही नावे ठेवून कथा विनोदी अंगाने नव्याने रचली होती, आणि त्यातील बदल किती चांगले होते याविषयी चाहत्यांतही मतभेद होते. पण मुख्य उत्तर निराळे आहे. नाट्यगृह महिनोन्‌महिने भरलेले राहील अशी हमी रसिकाने कधीच दिलेली नसते; ती त्याच्या अखत्यारीतली गोष्ट नाही. कलाकृतीत जिवंत काय आहे आणि पोकळ काय आहे, एवढेच सांगण्याचा त्याचा अधिकार असतो, आणि तो ह्या प्रेक्षकांनी २०१२ पासून अचूक बजावला. त्यांनी जी गाणी जिवंत म्हटली, तीच मालिका गेल्यावरही गायिली जात राहिली. जे कथाभाग त्यांनी पोकळ म्हटले, त्यांतील एकही पुन्हा उभारावा असे कोणाला वाटले नाही.

म्हणून माझी मागणी मालिका रचणाऱ्यांपाशी आणि त्यांच्या वतीने प्रेक्षकांना दटावणाऱ्या समीक्षकांपाशी एकच आहे. प्रेक्षक जे उपाय सुचवतो ते सर्व अमलात आणा, असे मी म्हणत नाही. उपाय शोधणे हे कलावंताचे काम आहे आणि ते दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे आपल्या पदाचा राजीनामा देणे होय. पण तो जेथे बोट ठेवतो ती जागा तपासा, आणि तेथे त्याला काय सलले ह्याचा विचार त्याच्या भाषेच्या कडूपणाकडे दुर्लक्ष करून करा. ‘स्मॅश’च्या प्रेक्षकांनी मालिकेला तिच्याच उत्तम क्षणांच्या मापाने मोजले, आणि ती त्या मापाला सातत्याने उतरली नाही, हे तिच्या अपयशाचे खरे कारण आहे, त्या अपयशाची जबाबदारी मोजणाऱ्यांवर टाकता येत नाही.